वीज आहे, वेळ चुकली

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या सदनिकांमध्ये गॅसची जोडणी नाही. थंडीत खोल्या ऊबदार ठेवणे आणि आंघोळीचे पाणी तापवणे ही दोन्ही कामे तिथे रात्रीच्या स्वस्त विजेवर चालतात. अशा घरात एखाद्या सकाळी हीटर थंडगार पडलेले असतात, नळाला कोमट पाणीही येत नाही. दिवे, किटली, फ्रिज मात्र व्यवस्थित सुरू असतात. हीटर जळाला असावा, असेच कोणालाही वाटेल. पण उपकरणावर संशय घेण्याआधी तपासायची ती वेळ. वीज रात्री आलीच नाही की भलत्या वेळी आली, हे ठरल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

यामागची व्यवस्था समजून घेतली की हे पटते. कोळशावरची आणि अणुऊर्जेची केंद्रे रात्री मागणी घटली म्हणून झटपट बंद करता येत नाहीत. ती वीज खपावी म्हणून ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी ७’ हा दर आला : रात्रीचे सात तास वीज स्वस्त, बाकीचे सतरा तास महाग. स्टोरेज हीटरमधल्या जड विटा त्या सात तासांत तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. हे सात तास कधी सुरू करायचे, हे मीटरशेजारचा टाइमस्विच ठरवतो. काही घरांत हा हुकूम चक्क रेडिओवरून येई. बीबीसीच्या ‘रेडिओ ४’ वाहिनीच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घलहरींमध्ये, श्रोत्याला ऐकू येणार नाहीत असे सूक्ष्म बदल करून संकेत पाठवले जात आणि घरातला ‘टेलिस्विच’ ते ओळखून हीटरची लाइन जोडत किंवा तोडत असे. म्हणजे ऊब मिळण्यासाठी विजेइतकेच अचूक घड्याळही लागते.

निदान अवघड होते ते इथेच. हीटरसाठी स्वतंत्र फ्यूजबोर्ड असेल, तर तो दिवसा मृतच असायला हवा. दुपारी आलेल्या इलेक्ट्रिशियनला तिथे वीज सापडली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुरावा रात्रीच गोळा करावा लागतो आणि तो मीटरवरच्या दोन आकड्यांत असतो. झोपताना, पहाटे आणि संध्याकाळी स्वस्त व महाग अशा दोन्ही दरांचे आकडे टिपावेत. ३.४ किलोवॅटचा मोठा हीटर सात तास पूर्ण चालला, तर सुमारे २४ युनिट खातो. विटा आधीच गरम असतील तर कमी. रात्रभरात दोन्ही आकडे जेमतेम हलले, तर हीटरपर्यंत वीज पोचलेली नाही. महाग दराचाच आकडा वाढला आणि हीटर गरम झाला, तर वीज पोचली, पण वेळेचा हिशोब चुकला. सगळे हीटर थंड असतील, तर दोष सामायिक स्विचमध्ये किंवा रात्रीच्या फ्यूजबोर्डात शोधावा; एकच थंड असेल, तर त्या हीटरमध्ये. घड्याळ चुकण्याची कारणेही साधी असतात. वीज गेल्यावर जुना टाइमस्विच थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. शिवाय मार्चअखेर ब्रिटनमधली घड्याळे तासभर पुढे होतात, पण अनेक टाइमस्विच ग्रिनिच वेळेवरच राहतात.

यावर एक आक्षेप असा, की चूक वापरणाऱ्याचीही असू शकते. खरे आहे. साठवणीची खुंटी कमी ठेवली, तर विटा कमीच तापतात. ऊब सोडण्याची खुंटी रात्रभर उघडी राहिली, तर साठलेली ऊब सकाळपर्यंत संपते. म्हणून आकडे टिपण्याआधी या दोन खुंट्या पाहाव्यात. सामान्य माणसाने मीटरच्या वाटेला जाऊ नये, हा दुसरा आक्षेपही रास्त आहे. पण आकडे वाचायला सील तोडावे लागत नाही. उलट, मीटर आणि त्याचा टाइमस्विच वीजपुरवठादाराच्या अखत्यारीत, तर फ्यूजबोर्डापासून पुढचे काम घरमालकाच्या इलेक्ट्रिशियनचे. हे टिपण हाती असले की बोलवायचे कोणाला ते ठरते. तिसरा आक्षेप स्मार्ट मीटरचा : ते आले की प्रश्न मिटेल. रेडिओ संकेतांची ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि तिची जागा स्मार्ट मीटर घेत आहेत. त्यांत दर अर्ध्या तासाची नोंद मिळते, त्यामुळे पुरावा सोपा होतो. पण हीटरची लाइन ठरल्या वेळी जोडणारा स्विच तरीही लागतोच. तो जोडायचा राहिला किंवा त्याला चुकीची वेळ दिली, तर हीटर थंड राहील नाहीतर दिवसरात्र वीज ओढेल.

आपल्याकडे हे गणित उलट्या दिशेने येत आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार सौरऊर्जेच्या तासांत वीज सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त असायला हवी. म्हणजे इथली स्वस्त वेळ भर दिवसाची. गीझर टायमरवर लावणाऱ्या घरांना टायमरचे घड्याळ मीटरच्या वेळेशी जुळवून पाहावे लागेल. आणि बिल फुगले, तर ‘किती युनिट?’ याच्या आधी ‘कधीचे युनिट?’ हे विचारावे लागेल.