चेहरा ताणू नका, कापून बसवा

लग्नपत्रिकेवर कमानीसारखी वाकलेली किंवा कलशाच्या आकारात फुगलेली अक्षरं तुम्ही नक्कीच पाहिली असतील. ही किमया कॉम्प्युटरवरच्या ‘एन्व्हलप’ नावाच्या सोयीची.

चित्र रबरी कापडावर छापलंय अशी कल्पना करा. कापडाच्या कडा ओढून हव्या त्या आकाराच्या चौकटीला शिवल्या, की आतली नक्षीही ताणली जाते. एन्व्हलप हेच करतं. कोरलड्रॉमध्ये चित्राभोवतीचे बिंदू ओढून आकार देतात. इलस्ट्रेटरमध्ये ही सोय 2001 साली आली. तिथे हवा तो आकार काढून चित्रावर ठेवायचा, दोन्ही निवडायचे आणि ‘मेक विथ टॉप ऑब्जेक्ट’ हा आदेश द्यायचा. पसंत पडलं नाही तर ‘रिलीज’ म्हणा, मूळ चित्र परत हजर!

अक्षरं कितीही वाकवली तरी त्यांच्या कडा रेखीव राहतात, कारण या सॉफ्टवेअरमध्ये त्या गणिती वक्ररेषांच्या रूपात साठवलेल्या असतात. पिएर बेझिए या फ्रेंच इंजिनिअरने रेनो मोटारींच्या आरेखनासाठी वापरलेल्या याच त्या रेषा. फोटोचं तसं नसतं. तो ठिपक्यांचा बनलेला असतो, ताणला की धूसर होतो.

खरी पंचाईत चेहऱ्याची होते. समजा, आजोबांचा फोटो बदामाच्या आकारात हवा आहे. एन्व्हलप लावलं तर बदामाच्या वरच्या खाचेमुळे कपाळ दबतं, खालच्या टोकामुळे हनुवटी निमुळती होते. आजोबा ओळखू येईनासे होतात! अशा वेळी फोटो ताणायचा नसतो, कापायचा असतो. त्यासाठी कोरलड्रॉत ‘पॉवरक्लिप’ आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘क्लिपिंग मास्क’ आहे. त्यात फक्त बाहेरचा भाग झाकला जातो, चेहऱ्याला धक्का लागत नाही.

मग चित्र वाकवूच नये का? तसंही नाही. खाली निमुळत्या होणाऱ्या पेल्यावर सरळ पट्टी गुंडाळून पाहा, तिची टोकं जुळणार नाहीत. अशा पेल्यासाठी चित्र धनुष्यासारखं वाकवावंच लागतं, तेव्हाच ते पेल्यावर सरळ दिसतं.

म्हणून छपाईला फोटो देताना स्पष्ट सांगा, ‘‘आकारात कापून बसवा, ताणू नका.’’ आणि नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. अक्षरांना हवं तेवढं नाचवा, पण आपल्या माणसाचा चेहरा होता तसाच राहू द्या.