श्रीखंडे यांचा चौरस आणि विभाग

सहा पलटणी, सहा हुद्दे. प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक असे ३६ अधिकारी. कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत पलटण किंवा हुद्दा पुन्हा न येता ते चौरसात उभे राहतील काय? नाही. १०, १४, १८, २२ रांगांनाही हे अशक्यच, असा ऑयलरचा १७८२ सालचा अंदाज होता. १९५९मध्ये शरदचंद्र श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस यांच्यासह २२ रांगांचा चौरस रचून तो खोटा ठरवला. पुढे १९६३ ते १९७८ त्यांनी मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग सांभाळला. नवीन सिंघींसारखे संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. तो चौरस जगाच्या स्मरणात आहे. ही पंधरा वर्षेही त्यांच्या संशोधनाच्याच हिशेबात धरायला हवीत.