१ लाख कोटी वास आणि चिलटाचं नाक

माणसाला किती वास ओळखता येतात? पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर १० हजार. हा आकडा आला १९२७ सालच्या एका कागदी हिशेबातून. मूळ वास ४ धरले, प्रत्येकाची तीव्रता ० ते ८. म्हणजे ९ चा चौथा घात, ६,५६१. पुढे त्याचे सरळ १० हजार झाले! २०१४ मध्ये अमेरिकेत २६ जणांना वासांची मिश्रणं हुंगायला दिली आणि आकडा थेट १ लाख कोटींवर गेला. वर्षभरातच इतरांनी तोच हिशेब पुन्हा मांडून दाखवलं, की गृहीतकं जराशी हलवली तर उत्तर अफाट वरखाली होतं.

मला विचाराल तर यातले खरे थक्क करणारे आकडे लहान आहेत, आणि त्यांचा माग बंगळुरूपर्यंत जातो. तिथली एनसीबीएस ही जीवविज्ञानाची संस्था उभारणारे ओबेद सिद्दिकी त्याआधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वाय आकाराच्या नळीत सोडली. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. वासाने ज्यांना काही फरकच पडत नाही, ती बाजूला काढायची. काहींना कडू बदामाचा वास कळेना, बाकीचे मात्र कळत. दोष जनुकात होता. हे १९७८ सालचं काम. वासाचे ग्राही (रिसेप्टर) घडवणारी जनुकं बक आणि ॲक्सल या शास्त्रज्ञांना सापडली त्यानंतर, १९९१ मध्ये. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं.

चिलटाच्या एका शृंगिकेत वास टिपणाऱ्या चेतापेशी साधारण १,२००. ग्राहींची जनुकं ६०च्या आसपास. माणसात सुमारे ४००, आफ्रिकन हत्तीत जवळपास २,०००. चिलटाच्या खसखशीएवढ्या मेंदूचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये आला: सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी, ५ कोटींहून जास्त जोडण्या.

बंगळुरूच्या याच संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या गटाने २००६ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. वास डावीकडून आला की उजवीकडून, हे उंदीर एकदोन हुंगण्यांत सांगतो. त्याला दोन्ही नाकपुड्या लागतात. दोन्हींत वास पोचण्याच्या वेळेत सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडला तरी पुरतो.

तेव्हा मुलांच्या पुस्तकात १० हजार वास दिसले, तर तो आकडा खुशाल खोडा. त्याजागी लिहायला नवा आकडा अजून कुणाकडेच नाही.