थंडी चढत नाही, उतरते!

सातपुड्यात दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात व्हायरल होतात. पण त्या रात्री नेमकी किती थंडी होती, हे मोजतं कोण? दोन थर्मामीटर, एक वही आणि थोडा चिवटपणा असेल, तर तुम्हीसुद्धा!

डिसेंबर उजाडला की आपल्या जिल्ह्यात व्हॉट्सअॅप स्टेटसवर एक ठरलेला फोटो येतो. अक्कलकुवा तालुक्यातलं डाब किंवा वालंबा, पांढरं झालेलं गवत, जीपच्या टपावर साचलेले हिमकण. खाली कॅप्शन, ‘आपलं मिनी काश्मीर’. आणि सोबत एक आकडा. कुणी शून्य लिहितं, कुणी उणे दोन, कुणी चार. मोबाईलमधलं ॲप उघडावं, तर तिथे या सगळ्यांपेक्षा कितीतरी वरचा आकडा.

एकच सकाळ, एकच गाव आणि चार आकडे. मग खोटं कोण बोलतंय? गंमत म्हणजे, कदाचित कुणीच नाही. प्रत्येकाने वेगळ्याच जागेची थंडी सांगितलेली असते. डोंगराळ भागात रात्रीचं तापमान शंभर पावलांवर बदलू शकतं, आणि ते कसं बदलतं हे समजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

उंचीचा नियम रात्री झोपतो

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं: एक किलोमीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर, तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर. म्हणजे हिशेबाने तोरणमाळ सहा अंशांनी थंड हवं. दुपारी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतोही.

पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हा नियम गुंडाळून ठेवावा लागतो. सूर्य मावळला की जमीन दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडायला लागते. ढग असतील तर ते गोधडीचं काम करतात, उष्णतेचा काही भाग परत खाली पाठवतात. आकाश मोकळं आणि हवा कोरडी असेल तर ती गोधडीच नसते. जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवा निवते आणि निवलेली हवा जड होते.

जड झालेली हवा काय करते? पाण्यासारखी उताराने वाहू लागते. डोंगराच्या माथ्यावरून, उतारावरून, नाल्यानाल्याने खाली येते आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचते. रस्त्याचा भराव किंवा दाट झाडांची रांग आडवी आली, तर तिच्यामागे बंधाऱ्यासारखी तुंबते. म्हणून अशा रात्री सगळ्यात थंड जागा शिखरावर नसते, दरीच्या तळाशी असते. उताराच्या मधल्या टप्प्यावर मात्र तुलनेने उबदार पट्टा राहतो.

हे सगळं आपल्याला अंगाने माहीत असतं, फक्त नाव माहीत नसतं. धडगाव-मोलगीच्या रस्त्यावर रात्री बाईक चालवणाऱ्या कुणालाही विचारा. नाल्याच्या फरशीवर गाडी उतरली की गारठा कानाला झोंबतो, पलीकडचा चढ लागला की सुटतो. संध्याकाळी पाड्यातल्या चुलींचा धूर बघा. थोडा वर चढतो आणि मग जणू अदृश्य छत लागल्यासारखा आडवा पसरतो. ते छत म्हणजे वरची उबदार हवा. खालच्या थंड हवेला ती वर येऊ देत नाही. दूरच्या पाड्यातला ढोल अशा रात्री जवळ वाजल्यासारखा वाटतो, त्यामागेही हेच कारण असतं. उबदार थराला भिडून आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो.

महाराष्ट्रात याची प्रसिद्ध उदाहरणं आहेत. महाबळेश्वरमध्ये हिमकण दिसतात ते बहुतेक वेळा वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात, म्हणजे उंच पॉइंटवर नव्हे तर खोलगट भागात. नाशिक जिल्ह्यातलं निफाड तर डोंगरावर नाहीच, तरी राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत दर हिवाळ्यात त्याचं नाव असतं.

पाद्रीबुवांचे दोन थर्मामीटर

ही गोष्ट पहिल्यांदा नीट टिपणाऱ्यांत एक हौशी माणूस होता. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट. पक्षी, झाडं, पाऊस, थंडी, जे दिसेल ते वहीत लिहायचं, हा त्यांचा छंद. डिसेंबर १७८४ मध्ये कडाक्याची थंडी पडली. सेलबोर्न खाली, आणि शेजारचं न्यूटन गाव किमान दोनशे फूट उंच. व्हाइट यांचा अंदाज होता की वरच्या गावात थंडी जास्त असणार. प्रत्यक्षात उलटं निघालं. वरचं गाव खालच्यापेक्षा दहाहून जास्त फॅरनहाइट अंशांनी उबदार!

व्हाइट यांना आधी शंका आली ती थर्मामीटरवर. म्हणून त्यांनी दोन्ही थर्मामीटर एकाच जागी शेजारी-शेजारी ठेवून बघितले. दोन्ही अगदी बरोबर चालत होते. मग मान्य करावं लागलं की गडबड यंत्रात नाही, आपल्या समजुतीत आहे. सव्वादोनशेहून जास्त वर्षांनंतरही हौशी निरीक्षकासाठी यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही.

गवतावर शून्य, पेटीत चार

आता स्टेटसवरच्या आकड्यांकडे येऊ. हवामान केंद्रातला थर्मामीटर उघड्यावर टांगलेला नसतो. फटींच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तो असतो. या पेटीला ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’ म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. ऊन, पाऊस आणि मोकळं आकाश थेट लागू नये, फक्त हवेचं तापमान कळावं, म्हणून ही पेटी.

गवताचं पातं मात्र थेट आकाशाला सामोरं असतं. ते हवेपेक्षा जास्त निवतं. त्यामुळे पेटीतला थर्मामीटर तीन-चार अंश दाखवत असताना गवतावर दव गोठू शकतं. जीपचा पत्रा असाच भराभर निवतो. म्हणजे ‘बर्फ पडला, पारा उणे’ हे दरवेळी खरं असेलच असं नाही. आणि हो, तो बर्फ ‘पडलेला’ही नसतो. हवेतली वाफ पृष्ठभागावर जमते आणि गोठते. आकाशातून काहीच येत नाही.

जमिनीलगतच्या थंडीचं हे कोडं पुण्यातही सुटत होतं. भारतीय हवामान विभागात काम करणारे एल. ए. रामदास यांनी सहकाऱ्यासोबत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं आणि १९३२ मध्ये एक अजब गोष्ट मांडली. शांत, निरभ्र रात्री उघड्या मातीवर सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून नसते, काही सेंटिमीटर ते हातभर वर असते. अनेकांना वाटलं मोजण्यात चूक असणार. पुढे इतरत्रही मोजमापं झाली आणि ती गोष्ट खरी ठरली. आज जगभर तिला ‘रामदास लेयर’ म्हणतात.

ॲपला पाडा दिसत नाही

मग मोबाईलचं काय? ॲपमधला आकडा बहुतेक वेळा कुठल्याही थर्मामीटरवरचा नसतो. तो कॉम्प्युटर मॉडेलचा अंदाज असतो. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली आपली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते, आधी ते १२ किलोमीटरचे होते. ही मोठी सुधारणा आहे. पण सातपुड्यातल्या ६ किलोमीटरमध्ये एक डोंगरधार, दोन नाले आणि चार पाडे सहज बसतात. त्या सगळ्यांना एकच आकडा मिळतो.

राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. सपाट तालुक्यात एक केंद्र बऱ्याच गावांचं हवामान सांगू शकतं. अक्राणी-अक्कलकुव्यात मात्र केंद्र धारेवर आहे की खोलगटात, यावर रात्रीचा आकडा ठरतो.

आणि इथे विषय फोटोपुरता राहत नाही. शहादा-तळोद्याच्या केळीला कडक थंडी बाधते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली, अशा प्रकारचा निकष राहिला आहे. म्हणजे ८.० आणि ८.६ यांतला फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात दिसतो. डाब परिसरात स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांसाठी तर एक रात्र पुरते. उमललेल्या फुलाचा मधला भाग गोठला की तो काळा पडतो आणि त्या फुलाला फळ धरत नाही. कोणत्या वावरात थंडी साचते हे आधी माहीत असेल तर लागवड थोडी वर सरकवता येते, त्या रात्री पाणी देता येतं, रोपं झाकता येतात.

तिसरी गोष्ट माणसांची. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थंडी लागणं हे सिकलसेलच्या तीव्र वेदना सुरू होण्याचं एक माहीत असलेलं कारण आहे. आश्रमशाळा किंवा वसतिगृह नाल्याकाठी खोलगटात असेल, तर पहाटे साडेपाचला गार पाण्याने आंघोळ ही तिथल्या मुलांसाठी वेगळीच गोष्ट ठरते. त्या जागेचं पहाटेचं तापमान कुणी रोज लिहून ठेवलं, तर आंघोळीची वेळ, गरम पाणी आणि जादा पांघरुणं यांबद्दल आकडा दाखवून बोलता येईल.

तर मग, करून बघा!

काही शे रुपयांत किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर मिळतो. शक्यतो दोन घ्या. दोन मित्रांनी मिळून घेतले तरी चालतील.

* आधी जोडी जुळवा. दोन्ही थर्मामीटर दोन-तीन रात्री एकाच जागी ठेवा. अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढे हिशेबात धरा. गिल्बर्ट व्हाइट यांनी हेच केलं होतं.
* छत्री द्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या उलट्या, मध्ये फट ठेवून एकावर एक बसवल्या की घरगुती स्क्रीन तयार. थर्मामीटर आत, जमिनीपासून सव्वा मीटरवर. भिंत, पत्र्याचं छप्पर आणि चूल यांपासून लांब.
* जागा निवडा. एक खाली नाल्याजवळ, दुसरा उताराच्या मध्यावर. जमलं तर तिसरा धारेवर. दोन्ही जागा मोकळ्या असाव्यात.
* सकाळी वाचा. सगळ्यात कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. साडेआठ वाजता रात्रीचं किमान लिहा, मग थर्मामीटर रीसेट करा. हवामान विभागाची सकाळची नोंदही साडेआठचीच असते.
* पाच रकाने पुरेत. तारीख, किमान तापमान, रात्रीचं आकाश, वारा, दव किंवा हिमकण.
* कंटाळवाण्या रात्रीही लिहा. ढगाळ रात्री दोन्ही जागांचा आकडा जवळजवळ सारखा येईल. ती नोंद वाया गेलेली नाही. ढगांची गोधडी कसं काम करते, याचा तो तुमच्या हातातला पुरावा आहे.

तुमच्या वहीवरून विमा मंजूर होणार नाही, हे खरं. अधिकृत नोंद ती अधिकृतच. पण एका हिवाळ्याच्या सलग नोंदी घेऊन कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, ग्रामसभेत किंवा आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलात, तर बोलणं ‘यंदा फार थंडी आहे हो’ इथेच थांबणार नाही. ‘नाल्याकाठी वीस रात्री उतारापेक्षा जास्त गारठा होता, ही बघा वही’ असं म्हणता येईल.

पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठल्या वावरात हिव बसतं हे ठाऊक असतं. थर्मामीटर लावण्याआधी त्यांना विचारा. जागा निवडायला त्यांच्याइतकी मदत कुठलंही ॲप करणार नाही.

आणि यंदा गोठलेल्या दवाचा फोटो टाकालच, तेव्हा आकड्याशेजारी तीनच गोष्टी लिहा: कुठे मोजलं, जमिनीपासून किती उंचीवर, किती वाजता. लाईक्स तेवढेच येतील. पण तो आकडा पुढच्या हिवाळ्यातही कुणाच्या तरी कामाचा राहील.