पालीचं घर परसातच बांधूया



मनात शंकेची पाल चुकचुकली, असं आपण सहज म्हणतो. पण खऱ्या पालीकडे आपण कधी निवांत बघत नाही. मुलं मात्र बघायला लागली आहेत. परदेशी पालींसाठी सजवलेल्या काचेच्या पेट्या ती मोबाइलवर बघतात. आत दगड, माती, झाडं, जणू छोटं रानच! मग इथली पाल पकडून बरणीत ठेवायचा हट्ट सुरू होतो. नुसतं ‘नको’ म्हणून मूल ऐकत नाही. म्हणून त्या पेटीत नेमकं काय असतं, ते आधी समजून घेऊया.

आपल्यासारखी अंगातली ऊब पालीला धरून ठेवता येत नाही. ऊब हवी की ती तापलेल्या जागी जाते, फार तापलं की गारव्याला सरकते. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार ठेवावं लागतं. शिवाय लपायला फट, कात टाकताना ओलसर कोपरा, चाटायला पाण्याचे थेंब आणि खायला जिवंत किडे लागतात. बरणीत यातलं काहीच नसतं. बंद बरणी उन्हात राहिली तर पाल थोड्याच वेळात मरते.

आता आपला गडगा आठवा. उन्हाकडची बाजू तापते, सावलीकडची गार राहते. फटींत अंधार, बुडाशी ओल, पाचोळ्यात किडे. पेटीत पैसे घालून जे करतात, ते सगळं इथे आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा नुकसानीनंतर सिमेंटची पक्की भिंत बरी वाटते, यात नवल नाही. पण गुळगुळीत भिंतीत फट नसते, आणि फट नसली की पालीला अंडी घालायला जागा नसते. भिंत पक्की बांधलीत तरी परसाच्या एका कोपऱ्यात छोटा गडगा रचता येतो.

जागा घरापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर, थोडं ऊन थोडी सावली अशी निवडा. वीतभर खोल चर खणून तळाला मोठे दगड बसवा. त्यावर जांभ्याचे तुकडे रचा, मधे बोटभर फटी ठेवा. उंची गुडघ्याइतकीच असू द्या, म्हणजे ढासळायची भीती नाही. बुडाशी पाचोळा आणि एक-दोन फुटक्या खापऱ्या पालथ्या घाला. सावलीच्या बाजूला अळू किंवा नेचा लावा. उन्हाळ्यात संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडा, मात्र पाणी साचू देऊ नका, डास होतील. तिथे कीटकनाशक मारू नका. फटींत विंचू किंवा सापही येऊ शकतो, म्हणून हात घालायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा. बघायचं ते लांबून, संध्याकाळनंतर, बॅटरी घेऊन.

पाल विषारी नसते. आपल्या महाराष्ट्रात जमिनीवर फिरणारी, बिबट्यासारखे ठिपके असलेली पालही आढळते. तिच्या पिल्लांच्या अंगावर ठळक पट्टे असतात. ते बघून लोक घाबरतात आणि मारतात. तीही विषारी नाही. मात्र पालीच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवा, पाल पडलेलं अन्न टाकून द्या, आणि पालीला किंवा तिच्या घाणीला हात लागला तर साबणाने धुवा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे. कुठला प्राणी त्याच्या यादीत आहे, हे आपल्याला बघून कळत नाही. म्हणून रानातला जीव पकडायचा नाही, पाळायचा नाही, विकायचा तर नाहीच. कोणी पाली विकत घ्यायला आलं, तर वन खात्याला १९२६ या नंबरवर कळवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकीच्या परसात सगळ्या मिळून गडगा रचूया. दगड आपलेच, हातही आपलेच. फक्त पाल आणून सोडायची नाही. जागा आवडली, की ती आपणहून येईल.