बंडगार्डन आणि त्याचे पाणी

पुण्यास जाणाऱ्या बारामतीकराची तेथील कामे ठरलेली असतात. कचेरी, दवाखाना, मुलांचे कॉलेज, फार तर लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी. सवड उरलीच तर सारसबाग. बंडगार्डनकडे पाय सहसा वळत नाहीत. वस्तुतः बारामती-इंदापूरकडच्या माणसाने ही बाग आवर्जून पाहावी असे आम्हांस वाटते. तिच्या काठाने वाहणारे पाणी पुढे आपल्याच मुलखात येऊन थांबते, हे त्याचे मुख्य कारण.

प्रथम नावाविषयी. 'बंड' म्हटल्याबरोबर पुष्कळांना १८५७ आठवते. परंतु येथे कोणी बंड केले नव्हते. फारसीतला 'बंद' म्हणजे बांध. तो शब्द इंग्रजांनी उचलला, आपल्या उच्चारात घोळवला, आणि नंतर 'बंड' करून आपल्याच पदरात परत घातला. बंडगार्डन म्हणजे बंधाऱ्याची बाग. आज तिचे अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान असे आहे, तथापि रिक्षावाल्यास जुनेच नाव सांगावे.

हा बंधारा मुळा-मुठेवर आहे. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, तेथून थोड्याच अंतरावर खाली तो घातला गेला. शहराला आणि लष्कराच्या छावणीला पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. १८५० साली तो पुरा झाला. खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण झाले आणि पाणीपुरवठ्याचे काम तिकडे गेले. मूळ प्रयोजन संपले, शोभा तेवढी राहिली.

ही शोभा कशी निर्माण झाली, ते समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून धावतात आणि माघ-फाल्गुनात खडक उघडे टाकून बसतात. कऱ्हेचे पात्र कोणास ठाऊक नाही? अशा नदीच्या काठी बाग केली तर आठ महिने तिने पाहायचे काय? बंधाऱ्याने ही अडचण दूर केली. पाणी त्याच्या माथ्यापर्यंत चढते आणि जास्तीचे वरून सांडते; मागे लांबवर संथ, रुंद डोह बारा महिने भरलेला राहतो. त्याच डोहावर साहेबांनी १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब काढला. जवळच्या रस्त्याला बोट क्लब रोड म्हणतात तो त्यावरूनच. त्याच सुमारास बंधाऱ्याजवळ दगडी कमानींचा पूल उभा राहिला. १८६७ साली मुंबईच्या गव्हर्नरपदी आलेल्या फिट्झजेराल्ड साहेबांचे नाव त्याला दिले आहे. पुलाच्या टोकाशी पंजाखाली गोळा धरलेले सिंह आहेत, ते मुलांना अवश्य दाखवावेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटला, तो सारा लोंढा याच वाटेने पुढे गेला. पूल उभाच आहे. आता शेजारी नवा पूल झाला असून वाहनांची गर्दी तिकडे गेली आहे.

पूल ओलांडला की येरवडा. १९३२ चा पुणे करार तेथल्या तुरुंगात झाला, आणि पुढे काही अंतरावर आगाखान पॅलेस आहे, जेथे १९४२ मध्ये महादेवभाई देसाई व १९४४ मध्ये कस्तुरबा यांचे देहावसान झाले. दोन्ही समाध्या तेथे आहेत. बाग आणि समाधिस्थान एका सकाळीत होते.

इतके पाहून झाल्यावर पाण्याकडे पाहावे. ज्या अडवणुकीने हा डोह सुंदर झाला, तिनेच आज तो बिघडवला आहे. शहर वाढले, सांडपाणी वाढले, आणि त्यातले बरेचसे पुरते शुद्ध न होताच नदीत येऊ लागले. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतात. शेतकऱ्याला हे शब्द नवे नाहीत; तो पैसे मोजून खताच्या गोणीतून हीच द्रव्ये आणतो. थांबलेल्या पाण्याला असे फुकट खत मिळाले म्हणजे जलपर्णीचे पीक तरारून येते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती दुरून हिरव्या शेतासारखी दिसते, फुलेही जांभळी आणि देखणी. पण तिच्या गालिचाखाली ऊन जात नाही, कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो, मासे गुदमरतात आणि डास मात्र सुखात वाढतात.

हे पुणेकरांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर नदीचा पुढचा मार्ग पाहू. बंधारा ओलांडून ती मुंढवा, मांजरी, थेऊर करीत रांजणगाव सांडसला भीमेस मिळते. भीमा दौंडवरून सिद्धटेकला वळसा घालते आणि भिगवणपाशी उजनीच्या फुगवट्यात शिरते. म्हणजे ते पाणी पुन्हा अडते, या खेपेस इंदापूर तालुक्याच्या दारात. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला हिरवट रंग का चढतो, याचे पुष्कळसे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. पिंपळीजवळून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी भाटघर-वीरचे, त्याचा या नदीशी संबंध नाही. पण त्या भरवशावर निश्चिंत राहता येणार नाही. इंदापूरकडील कितीतरी ऊस, मासेमारी आणि गावांचे पिण्याचे पाणी उजनीवर आहे.

सांप्रत पुण्यात नदीकाठ सुधारण्याचे मोठे काम चालले आहे. मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. सुमारे ४४ किलोमीटर काठाची ही योजना असून बंडगार्डनचा भाग आरंभीच्या टप्प्यांत आहे. झाडे तुटतील, पात्र आवळले जाईल, म्हणून २०२३ मध्ये नागरिकांनी विरोधही केला. दुसरीकडे, मैला-पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांसाठी २०१६ मध्ये जपानशी कर्जाचा करार झाला होता. या दोहोंत आमचे मत विचाराल तर आधी पाणी, मग काठ. फिरायला येणाऱ्यास काठ दिसतो, खालच्या गावांच्या वाट्याला पाणी येते.

बाग पुणे स्टेशनापासून दूर नाही. जाण्यास सकाळ बरी, आणि ऋतू म्हणाल तर श्रावण-भाद्रपद. खडकवासल्यातून पाणी सोडलेले असते, बंधाऱ्यावरून ते पांढरेशुभ्र कोसळते, जलपर्णी वाहून गेलेली असते. मात्र जमल्यास एकदा चैत्रातही जावे. नाकाला रुमाल लागेल. पण त्या दिवसांत उजनीकडे काय येते, ते तेव्हाच कळते.