पाळीवरून वाचायचा वारसा

भंडारा जिल्ह्याच्या वारशाचा विषय निघाला की पहिले नाव येते पवनीचे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले, जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले आणि १९७२ मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पदव्युत्तर वर्गात वारसा अभ्यासाचा स्वतंत्र प्रकल्प करायला निघालेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच पवनी खुणावते, नाहीतर तुमसरजवळचा अंबागड. पण उत्खननाला परवाना लागतो, पथक लागते, पैसा आणि वर्षे लागतात. एक-दोन सत्रांत ते होण्यातले नाही. मग जुन्या अहवालांचा सारांश, काही छायाचित्रे आणि शेवटी जतनाच्या शिफारशी असा प्रबंध उभा राहतो. त्यात कष्ट असतात, पण लेखकाचा स्वतःचा प्रश्न नसतो. प्रकल्प स्वतंत्र ठरतो तो या प्रश्नामुळे. विद्यार्थ्याच्या आवाक्यातला असा प्रश्न हवा असेल, तर भंडाऱ्यात तो मामा तलावाच्या पाळीवर सापडतो.

मामा म्हणजे माजी मालगुजारी, गावचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजारांच्या मालकीचे. गोंड राजवटीपासून पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले गेले आणि त्यांत कोहळी समाजाचे कसब मोठे. उताराचे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या निकासातून, हवे तेवढे धानाच्या बांध्यांत सोडायचे, जास्तीचे सांडव्यावरून जाऊ द्यायचे, अशी ही रचना. मात्र पाळ जपली गेली ती मातीइतकीच माणसांच्या व्यवस्थेने: पाणी कुणाला आधी, दुरुस्तीला कोण येणार, ढीवरांनी मासे कधी धरायचे. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. ‘भंडाऱ्यातील तलावांचा इतिहास’ हा विषय दहा माणसांना पुरेल. ‘या एका तलावाचे पाणी १९५१ पूर्वी कोण वाटत होते आणि त्यानंतर ते काम कुणाकडे गेले?’ हा मात्र एका माणसाने एका वर्षात तडीस नेण्याजोगा प्रश्न आहे.

त्यावर पहिला आक्षेप असा, की तलाव हा सिंचनाचा विषय आहे, वारशाचा नव्हे. स्मारकांच्या कायद्यांवर वाढलेल्या दृष्टीला तसे वाटणारच. पण २००३ च्या युनेस्को करारानेच निसर्गाविषयीचे पारंपरिक ज्ञान आणि रूढी यांना अमूर्त वारशात जागा दिली आहे. तलाव बांधण्याची आणि पाणी वाटण्याची रीत त्यातच मोडते. ती रीत वापरातून गेली तर तलाव नकाशावर राहील, पण त्याचा अर्थ सांगणारे कुणी उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर इतिहास कसा उभा करायचा? कोहळ्यांना चांद्याच्या गोंड राजाने काशीहून आणले, ही आख्यायिका घ्या. तिच्या जोरावर स्थलांतर सिद्ध होत नाही. एक समाज आपल्या विद्येचे मूळ कुठे पाहतो, एवढे मात्र कळते. म्हणून तोंडी पुरावा कागदाशी ताडून घ्यायचा. कागद आहेतही: सारा ठरवताना तयार झालेल्या बंदोबस्ताच्या मिसली, रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे गॅझेटियर आणि मुख्य म्हणजे वाजिब-उल-अर्ज, गावच्या वहिवाटींची नोंद. पण हा वाजिब-उल-अर्ज तयार झाला तोही गावाला विचारूनच. लिहून घेणारा सरकारी नोकर, सांगणाऱ्यांत मालगुजाराचा आवाज मोठा आणि ढीवराचा लहान. म्हणजे कागदही कुणाच्या तरी तोंडून आलेला असतो आणि त्या माणसाचेही हितसंबंध असतात. दोन्ही पुरावे जिथे जुळतात तिथे विद्यार्थी धीराने विधान करू शकतो. जिथे जुळत नाहीत, तिथे का जुळत नाहीत हे शोधताना त्याचा खरा अभ्यास सुरू होतो.

एका तलावावरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही, हा तिसरा आक्षेप मान्यच करायला हवा. प्रकल्पाने तसा दावा करूच नये. पण शेजारच्या तलावाला तोच प्रश्न पुढच्या वर्षीचा विद्यार्थी विचारू शकेल, इतकी पद्धत काटेकोर लिहिली तर एकेका प्रबंधाने जिल्ह्याचे चित्र भरत जाईल. स्वतंत्र याचा अर्थ एकट्याने, असा नाहीच. मार्गदर्शक लागतो, तलाठी कार्यालयाच्या चकरा लागतात, पाळीवर सोबत चालणारा जाणकार लागतो. आणि ज्यांनी सांगितले त्यांचे देणेही लागते. वाजिब-उल-अर्जाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये आजही स्थान आहे. त्यामुळे वहिवाटीबद्दल प्रबंधात लिहिलेले एक चुकीचे वाक्य कुणाच्या मासेमारीच्या आड येऊ शकते. म्हणून विद्यापीठात सादर करण्याआधी निष्कर्ष गावात वाचून दाखवावेत. तिथे एखादा ढीवर उठून म्हणाला, ‘असं नव्हतं’, तर त्याचे म्हणणेही प्रबंधात यायला हवे. मागच्या वेळी गावची वहिवाट लिहिली गेली, तेव्हा त्याचा आवाज लहान होता.